एकही गोळी चुकली नव्हती

दाक्षायणी हत्तुरे सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं कटिंग करायची. कापडाच्या चाळीस थरांवरून मशीन फिरवताना तिचा हात कधी हलला नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर सहा वर्षं रोजची हार्मोनची गोळीही तिनं तशीच सांभाळली. सकाळी पूजा झाली की गोळी. लग्नघरात असो, तापानं फणफणलेली असो, गोळी ठरलेली.

तरी उजवा खुबा ठणकायला लागला, आणि तपासणीत तोच आजार हाडात उतरलेला दिसला.

मग घरादारात चौकशी सुरू झाली. धाकटी जाऊ भुवनेश्वरी म्हणाली, "एखाद्या दिवशी राहिली असंल की, अक्का." थोरल्या भावानं, चन्नवीरनं, फोनवर विचारलं, "गार पाण्यासंगं घेत होतीस का?" दाक्षायणीनं फोनच ठेवून दिला. पण नवरा शिवप्पा कपाटात तिच्या गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करताना दिसला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

"काय शोधताय?"

"काय न्हाय, उगं बघतोय."

"उद्या चला माझ्यासंगं. डॉक्टरबाईंच्या तोंडनंच ऐका!"

डॉक्टर सुकन्यांनी रिपोर्ट पुढं ओढला. "यांच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढत होत्या. गोळीनं शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ बंद केलं. पण ज्या थोड्या पेशी तगल्या, त्यातल्या काही बदलल्या. इस्ट्रोजेन पकडणारा त्यांचा भाग आता इस्ट्रोजेन नसतानाही 'वाढा' म्हणून सांगत राहतो. रक्ताच्या तपासणीत तो बदल सापडलाय. नेमानं गोळ्या घेणाऱ्यांतही हे होतं."

"म्हंजे हिची चूक न्हाय?" शिवप्पानं विचारलं.

"अजिबात नाही."

शिवप्पानं मान खाली घातली. हे ऐकून हलकं वाटेल अशी दाक्षायणीची समजूत होती. झालं उलटंच. ती आणखी भडकली.

"मग सहा वर्षं त्या गोळीनं सांधे धरले, अंगाची लाही लाही झाली, ते कशापायी? माझं चुकलं असतं तर उद्यापासनं सुधारलं तरी असतं. आता बोलायचं कुणाला?"

"मला बोला," डॉक्टर म्हणाल्या. "पण सहा वर्षं आजार दबून राहिला, तो त्या गोळीमुळंच. आता इंजेक्शन देऊ. ते पेशीतला तो भागच मोडून काढतं. जोडीला वेगळी गोळी. हेही कायम चालेल, असं वचन मात्र देत नाही."

"देऊच नका," दाक्षायणी म्हणाली.

इंजेक्शनं कमरेखाली दोन्ही बाजूंना घ्यावी लागत. औषध दाट, दोन दिवस धड बसता येत नसे. कामावर ती उभी राहून वैतागायची, घरी येऊन आडवी पडून वैतागायची. भुवनेश्वरीनं कुठल्याशा मुळीचा काढा आणला, तो तिनं बाटलीसकट परत पाठवला. शिवप्पा आता नातेवाइकांचे फोन स्वतः घ्यायचा आणि दोन वाक्यांत संपवायचा.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. हाडातला डाग वाढला नव्हता. शिवप्पा पेढे आणायला निघाला, तशी ती दारात आडवी आली.

"पुढच्या स्कॅनला वाढला तर वाटलेले पेढे परत मागणार हाय का? बसा गप."

तरी तो गेलाच. दाक्षायणीनं दोन पेढे खाल्ले आणि साखर लई झालीय म्हणून कुरकुर केली.