सासऱ्यांनी मला वाचायला बसवलं तो दिवस

भिंतीला नुकत्याच लावलेल्या चुन्याचा वास आला की मला साखरखेर्ड्याचं आमचं छोटं वाचनालय आठवतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, गावोगावी वाचनालयं निघत होती, आणि एका जुन्या संतकवीच्या पुण्यतिथीला गावानं एकत्र बसून त्याचे अभंग वाचायचे, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. वाचणारही तेच होते. पण महिनाभर आधी शेतात त्यांना साप चावला आणि ते गेले. पुण्यतिथीच्या सकाळी सासरे म्हणाले, "पोरी, त्याचं ठरवलेलं काम हाय, आता तूच वाच." मी त्यांच्यामागे वाचनालयात गेले. सतरंजीवर माणसं दाटीनं बसली होती, बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. एक म्हातारबाबा म्हणाले, "विधवा बाईले काऊन समोर बसवलं?" सासरे शांतपणे म्हणाले, "माह्या पोरानं तिले वाचाले शिकवलं. ज्याले ऐकायचं नसन, त्यानं घरी जावं." कोणीच उठलं नाही. मी वाचू लागले. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि माझे डोळे कोरडेच राहिले. वाचून झाल्यावर शेजारीण हळूच म्हणाली, "तुले रडू नाही आलं वं?" मी अभंगांचं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. पुढे दरवर्षी मीच वाचत गेले. गावातले लोक मला अजून धीराची बाई म्हणतात. तो धीर नव्हता. त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं, आणि ते वाटण्याची मी आजही वाट पाहते आहे.