आपल्यातल्याच बायका

“हा हात कोणाचा?”

काकूंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. सकाळी मीच काढलेलं रील. केळीचं पान, उकडीचा मोदक, आणि मोदकावर तुपाची धार सोडणारा हात.

“माझा.”

“काढून टाक. सूनबाईचा घे. गोरा, बांगड्यांचा. खायच्या वस्तूवर असला हात बघून लोकांना कसंतरी होतं गं.”

काउंटरला गिऱ्हाइकं उभी होती. मी रील डिलीट केलं. सूनबाईचा हात घेतला. तूप सांडलं, परत घेतला.

काकूंचं दादरमधलं फराळाचं दुकान. त्यांचं इन्स्टाग्राम, फेसबुक, सगळं मी बघायचे. फोटो मी काढायचे, खालचा मजकूर मी लिहायचे, कमेंटना उत्तरं मी द्यायचे. ‘आमच्या आजेसासूबाईंच्या हातची चव.’ घोडपदेवच्या चाळीतली मी. त्यांची आजेसासू मी फोटोतही पाहिलेली नाही. लोक लिहायचे, काकू, किती गोड लिहिता तुम्ही! काकूंच्या नावाने मीच आभार मानायचे.

त्या दिवशी रडू आलं नाही. रागही नाही. डबा खाल्ला. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं अंगभर. ते उतरलंच नाही. मी रोज कामावर जात राहिले.

मग गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. एका बाईची कमेंट आली. ‘नैवेद्याला हवेत. मोदक करणाऱ्या बायका आपल्यातल्याच ना?’

काकूंना दाखवलं.

“लिही, हो, सगळ्या आपल्यातल्याच.”

आत शिवडीची लतामावशी मोदकाच्या कळ्या पाडत होती. आमच्याच समाजाची. काकूंना ठाऊक होतं.

मी टाइप केलं. पाठवायला बोट पुढे गेलं आणि थांबलं. आपल्यातल्या म्हणजे कोणातल्या? त्यात लतामावशी नाही. मी नाही. आणि लिहितेय मीच.

पुसलं.

“काकू, हे मी लिहिणार नाही.”

“अगं, तुझ्याबद्दल आहे का ते? तुला कधी वेगळं मानलंय आम्ही? आमच्याबरोबर चहा घेतेस की रोज.”

“कागदी कपात. तुम्ही सगळे चिनी मातीच्या.”

त्यांनी हात पुढे केला. “फोन दे.”

दुकानाचाच फोन. दिला. त्यांनी स्वतः टाइप करून पाठवलं. त्या बाईचा लगेच लाल बदाम आला.

लतामावशी आतल्या दारात आली होती. बोटांना उकड. हळूच म्हणाली, “तू जा. माझं घर चालतं ह्याच्यावर. मी काय बोलणार नाय.” तिच्यावर माझा राग नाही.

काम सोडून घरी आले, तर आई म्हणाली, “एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं गो.”

“इतके दिवस लागलंच नव्हतं, आई. तेच वाईट.”

आता लालबागच्या एका खानावळीचं पेज बघते. आणखी कामं शोधतेय. पहिल्या भेटीत काहीजण गोड हसून आडनाव विचारतात. मी सांगते. पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं. मग समोरचा चेहरा बघते. त्यावर काही हललं, की उठते.

आतून अजून फारसं काही वाटत नाही. ते वाटेपर्यंत थांबायची मला गरज नाही. मला गाळून कोणी ‘आपलं’ म्हणणार असेल, तर ते त्याने स्वतः लिहावं. माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही.