माटोळीवरची वायर

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी मुळगावच्या आमच्या घरात माझा भाऊ माटोळीसाठी छताला भोक पाडत होता. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळाफुलांनी भरलेली लाकडी चौकट. हॉलला नवं पीओपी केल्यामुळे तिचे जुने हूक आत झाकले गेले होते. ड्रिल आतल्या वायरीत घुसलं, भाऊ शिडीवरून फेकला गेला आणि त्याचा खांदा निखळला.

खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. काका म्हणाले, तिने सोवळ्यात कसूर केली म्हणून देव कोपला. वर्षभर तिला देवखोलीत पाऊल टाकू दिलं नाही. ती गप्प राहिली. मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

यंदा गळतीने ते पीओपी उतरवावं लागलं. छत उघडं पडल्याचं कळताच मी वास्कोहून ऑफिसचा लेझर स्कॅनर घेऊन आले. तो हातात धरून खोलीभर फिरलं की पाइप, वायरी, सगळं जागच्या जागी मापासकट टिपलं जातं. मग वरून कितीही झाका.

खोळंबलेल्या कामगारांकडे बोट दाखवत काका दारातच आडवे आले. "गो, कामगार रावल्यात. छत आयज बंद जावंक जाय. हीं खेळणीं तुज्या ऑफिसांत."

"काका, मोजून जातासर एक बोर्ड वर वचचो ना," म्हणत मी मापं होईपर्यंत न उठायच्या बेताने नव्या छतासाठी आणलेल्या जिप्सम बोर्डांच्या थप्पीवर बसकण मारली. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या छतात नाक खुपसू नये, हेही ऐकवून झालं. मी हलले नाही. शेवटी कंटाळून तेच बाजूला झाले.

स्कॅनमध्ये स्वच्छ दिसलं. गणपतीच्या चौरंगाच्या नेमकी वरून पंख्याची वायर तिरकी गेली होती आणि ड्रिलने तुटलेल्या जागी काळ्या टेपचा सांधा होता. मी स्कॅन उघडलेला टॅब काकांच्या हातात दिला आणि त्या सांध्यावर बोट ठेवलं.

"देव हांगा कोपलो, काका."

"यंत्र कितेंय दाखयता," म्हणत त्यांनी तो परत केला. माझा असा संताप झाला की तो अजून उतरलेला नाही. मी वायर कडेने फिरवून घेतली, जुने हूक नव्या छताच्या खाली येतील असे लांबवून घेतले, मगच बोर्ड चढू दिले.

चवथीला मी शिडी धरून उभी राहिले आणि माटोळी टांगायला सगळ्यांदेखत वहिनीला हाक मारली. काकांनी विचारलं, "आनी सोवळें?"

वर्षभरात वहिनी पहिल्यांदाच त्यांना उलटून बोलली.

"वायरीक सोवळें कळना, काका," ती म्हणाली आणि शिडी चढली.