सावंत मॅडम आणि उलटे आकडे

मुलुंडच्या शाळेतली आमची समुपदेशनाची खोली एवढीशी! चार खुर्च्या ठेवल्या की संपली. पण किस्से इतके साचलेत, की घरी भाजी निवडताना आठवून मी एकटीच हसते. सगळे सावंत मॅडमचे. मी त्यांची मदतनीस.

मुलांना ऐकलेलं डोक्यात धरून ठेवता येतं का, हे मॅडम तपासतात. आकडे सांगायचे, मुलानं शेवटापासून म्हणायचे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास, आहे की नाही हे एवढ्यावरून ठरत नाही, पण मदत कुठे हवी ते कळतं.

एकदा तिसरीतला आर्यन भडकला. “तुम्ही कागदात बघून बोलताय. चीटिंग!”

मॅडमनी कागद पालथा घातला. “तू सांग, मी म्हणते.” पाच आकड्यांत मॅडमची वाट लागली! “चल रे, दोघं मिळून शिकू.” मग पोरगं तासभर जागचं हललं नाही.

एकदा एका मुलाचे बाबा त्याला घेऊन आले होते. “याचं लक्षच नसतं हो! माझं बघा, सगळं तोंडपाठ.” आणि फाइल उचलून तरातरा निघाले.

मॅडम जिन्यातून ओरडल्या, “अहो, फाइल नेलीत, मुलगा राहिला!”

मॅडमचंही काही विचारू नका. चष्मा डोक्यावर आणि शोध टेबलाखाली! छत्र्या तर इतक्या विसरल्यात, की मुलुंडचा एकही रिक्षावाला पावसात भिजत नसेल.

पण बाई हुशार, आणि मनानं त्याहून मोठी. चौथीतल्या सानिकाच्या वेळी तर मी हातच जोडले.

तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सांगितलेलं एक काम धड करत नाही. दुसरी शाळा बघा.” शेजारी सानिकाला घेऊन बसलेली तिची आई रडकुंडीला आली.

मॅडमनी विचारलं, “बाई, काल तिला काय सांगितलंत?”

“वही काढ, तारीख घाल, समास आख, फळ्यावरचं उतरव, डायरीवर सही आण, खिडकी लाव.”

“आता शेवटापासून म्हणा बरं.”

बाई खिडकीवरून डायरीवर आल्या आणि तिथेच अडकल्या! पण त्यांनाही मानलं. “शाळा बदलू नका. उद्यापासून एकेकच सांगीन,” म्हणाल्या. “पण हिचे हात तरी बघा, कायम शाईनं बरबटलेले!”

सानिकानं मूठ आवळली. मॅडमनी ती हळूच उघडली. तळव्यावर पेनानं लिहिलं होतं: ‘डबा. वही. बाईंना सॉरी.’

आईनं तोंडाला पदर लावला.

“मी ढ आहे ना?” सानिका पुटपुटली.

मॅडमनी आपला डावा हात तिच्यासमोर उघडला. निळ्या शाईत तीन ओळी होत्या: ‘चष्मा. छत्री. दहा वाजता सानिका.’