बायकांच्या रविवारी मी मधेच बोलले

आमच्या जळगावच्या चर्चमध्ये वर्षातून एक रविवार बायकांचा असतो. त्या दिवशी उपदेश बाईच करते आणि पंधरा वर्षं ती बाई मीच होते. यंदा पाळकांनी तो मान शिंदखेड्याहून आलेल्या एका नव्या सुनेला दिला. मी तोंडभर हसून "वा!" म्हटलं, आत अंगाची लाही झाली होती.

तिने नेमकं बायबलमधलं मी कायम टाळलेलं वचन घेतलं. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलेलं, बायकांनी सभेत गप्प बसावं, ते! ती म्हणाली, "याच पत्रात पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांबद्दलही लिहितो. मग सगळ्यांना कायमचं गप्प कसं बसवेल? त्या काळी बहुतेकींना शिक्षण नव्हतं. काही अभ्यासक म्हणतात, समजलं नाही की त्या सभेतच नवऱ्याला विचारत आणि गोंधळ होई. म्हणून तो म्हणतो, घरी विचारा."

माझ्या उपदेशात हमखास डुलक्या घेणारी शेजारची अक्का चक्क डोळे पुसत होती! मला राहवेना. पलीकडे पुरुषांच्या बाजूला बसलेल्या आमच्या ह्यांना मी उभं राहून विचारलं, "अहो, हे खरं आहे का?"

अख्खं चर्च हसलं. अक्का म्हणाली, "बस वं माय, घर जाईसन इचार!"

सून मात्र म्हणाली, "काकू, घरी कशाला? तुम्ही शिकलेल्या आहात, इथेच विचारा."

नुसती हुशार असती तर मी चालवून घेतलं असतं. ती वर चांगलीही निघाली, हे मला अजून सहन होत नाही.