चिंतेवरचं टिंब

चंदीगडच्या सेक्टर सतरातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात शोभना वैरागडे सव्वीस वर्षं इंग्रजीचं हिंदी करत होत्या, आणि त्या सव्वीस वर्षांत ते हिंदी कुणी वाचल्याचा पुरावा सापडलेला नव्हता. कार्यालय बोलायचं पंजाबीत, लिहायचं इंग्रजीत आणि नियम आहे म्हणून छापायचं हिंदीत. वर्ध्याहून आलेल्या या बाईला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. एकदा तर त्यांनी एका वार्षिक अहवालात मुद्दाम चार ओळी भरिताच्या कृतीच्या घातल्या होत्या. अहवाल मंजूर झाला.

शोभनाताई टायपिंग शिकल्या त्या वर्ध्यातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये, लोखंडी टाइपरायटरवर. त्यामुळे त्यांची बोटं बटण दाबत नसत, ठोकत. सरकारी कीबोर्ड त्यांच्या हाताखाली वर्षभरही टिकत नसे. सादळलेल्या बिस्किटावर टाइप केल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या. मग त्यांची मुलगी ऋचा कामी आली. ऋचा मोहालीत सेक्टर ६७मध्ये औषधांवर संशोधन करायची आणि तिथल्याच होस्टेलवर राहायची. तिने हौसेने मेकॅनिकल कीबोर्ड घेतला होता. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतःचा स्वतंत्र स्विच, स्प्रिंगसकट, आणि दाबलं की खट्ट. रूममेटने एका आठवड्यात निर्वाणीचा इशारा दिला आणि कीबोर्ड आईकडे आला.

कार्यालयात तो आल्यापासून मजला दणाणला. उपनिदेशक सूद साहेब चहाचा कप हातात घेऊनच तक्रार करायला आले. टेबलावर वाकून म्हणाले, "शोभना जी, ये टाइपिंग है या मशीनगन?"

"सर, काम की आवाज़ है. इस मंज़िल पर आदत नहीं है किसी को," शोभनाताई म्हणाल्या.

साहेब हसले, कप हिंदकळला, थोडा चहा बटणांवर सांडला. शोभनाताईंनी पदराने पुसला आणि विषय संपला.

तीन आठवड्यांनी पेन्शनरांचा मेळावा होता. मंचामागच्या फलकाचा मजकूर सूद साहेबांनी शेवटच्या दिवशी तीनदा बदलला आणि चौथ्यांदा स्वतः शोभनाताईंच्या मागे उभे राहून टाइप करून घेतला. सही केली, छापायला पाठवला. दुसऱ्या दिवशी तीनशे म्हातारी माणसं सभागृहात येऊन बसली. समोर बारा फुटी फलक होता:

"आपकी चिता, हमारी ज़िम्मेदारी."

चिंतेवरचं टिंब गळलं होतं.

पहिल्या रांगेतले एक चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ काठी टेकत उठले आणि म्हणाले, "ओ जी, पहली बार दफ़्तर ने सच्ची गल्ल, सच्ची बात लिखी है!" सभागृह असं हसलं की एकांची कवळी बाहेर आली. सूद साहेबांचं भाषण कुणी ऐकलं नाही. पुढचे चार दिवस फोन येत राहिले: या योजनेचा फॉर्म कुठे मिळेल, आणि लाकडं चंदनाची देणार का.

पाचव्या दिवशी शोभनाताईंच्या टेबलावर मेमो आला. घोर निष्काळजीपणा, तीन दिवसांत स्पष्टीकरण द्या. तो मात्र इंग्रजीत होता.

त्यांना आधी रडू आलं, मग राग आला. "म्या टिंब दिलं होतं," त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. "माह्या बोटाला माहीत आहे मी काय दाबलं ते."

विश्वनाथराव मटार सोलत होते. "मग बोटाला साक्षीला ने," ते म्हणाले.

शनिवारी शोभनाताईंनी कीबोर्ड घरी आणला. हिंदी टायपिंगमध्ये अनुस्वाराचं टिंब इंग्रजी एक्सच्या बटणावर असतं. त्यांनी ते दहादा दाबलं, टिंबं आली सात. कीबोर्ड नवऱ्याच्या लॅपटॉपला लावला, तरी सातच. म्हणजे ऑफिसचा कॉम्प्युटर सुटला. बटणाची टोपी काढून ब्रशने झाडलं, फुंकर मारली. या वेळी आली सहा. त्यांनी ऋचाला फोन लावला.

"आई, स्विच निकालो," ऋचा म्हणाली. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "सोल्डर नहीं है, खींचने से आ जाएगा. किसी और बटन के स्विच से बदल दो. ख़राबी स्विच के साथ गई तो स्विच ख़राब, वहीं रही तो बोर्ड."

"आणि तुटलं तर?"

"आपसे टाइपराइटर नहीं टूटा, ये क्या टूटेगा."

कीबोर्डच्या खोक्यात आलेल्या तारेच्या चिमट्याने शोभनाताईंनी एक्सचा स्विच उपटला आणि एस्केपच्या खाली, कोपऱ्यात बसलेल्या बिनकामाच्या बटणाशी अदलाबदल केली. एक्सवर दहापैकी दहा टिंबं आली. कोपऱ्यातलं बटण आता अडखळायला लागलं. चोर सापडला होता.

त्यांनी तो स्विच उघडला. नखाएवढी पेटी, चार खाचा. भुवया कोरायच्या चिमट्याने खाचा उचकटताच झाकण सुटलं आणि आतली स्प्रिंग उडून मटारांत गेली. विश्वनाथरावांनी दाणा दाणा बाजूला करून ती शोधून दिली आणि "हे भाजीत गेलं असतं म्हणजे?" एवढंच विचारलं. पेटीत तांब्याची बारीक पट्टी होती. दाबल्यावर तिची दोन टोकं जुळली की अक्षर उमटतं. तिच्यावर तपकिरी, चिकट थर होता. शोभनाताईंनी वास घेतला. वेलची.

"चिकट म्हणजे साखरेचा चहा. मी तर बिनसाखरेचा पिते," त्या हळूच म्हणाल्या, आणि चेहरा असा खुलला की विश्वनाथरावांचे मटार सोलायचे राहिले.

ऋचाने सांगितल्याप्रमाणे केमिस्टकडून स्पिरिट आणून कानकाडीने पट्टी पुसली, वाळू दिली, स्विच जोडून जागी बसवला. एकही टिंब येईना. काढून पाहिलं तर खालचा एक पाय दुमडला होता. चिमट्याने सरळ केला, पुन्हा दाबला. खट्ट. दहाला दहा. शोभनाताईंनी पानभर नुसती टिंबं काढली.

सोमवारी त्या कीबोर्ड काखेत मारून सूद साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि स्पष्टीकरण समोर ठेवलं. त्यात तपासणीचे टप्पे क्रमाने होते आणि शेवटी लिहिलं होतं: "स्विच में सूखा हुआ द्रव मिला. द्रव मीठा था. अधोहस्ताक्षरी मीठा नहीं पीती."

साहेबांनी कागद वाचला. शेजारी त्यांचा तीन चमचे साखरेचा चहा वाफाळत होता. त्यांनी कप जरा लांब सरकवला.

"मेमो वापस," ते म्हणाले. "लेकिन शोभना जी, आज से आपका लिखा हर काग़ज़ मैं पढ़ूँगा."

शोभनाताई दारापर्यंत जाऊन थांबल्या. सव्वीस वर्षांत पहिला वाचक मिळाला होता, आणि तोही असा. तेवढ्यात मागून आवाज आला. साहेबांनी स्पष्टीकरण पुन्हा हातात घेतलं होतं.

"एक बात बताइए. ये अधोहस्ताक्षरी कौन है? मेरी भी हर चिट्ठी में होता है. मैं समझता था हेड ऑफ़िस में कोई साउथ इंडियन साहब हैं."

"जो नीचे दस्तख़त करता है, सर," शोभनाताई म्हणाल्या. "आपकी चिट्ठी में आप ही हैं."