पाठीवरचा नायटा

गंधकाच्या मलमाचा वास आला की धुळ्याचा तो दवाखाना आठवतो. बायकोच्या पाठीवर नायटा उठला होता, आणि ती गोळ्या मागत होती. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याला मलम पुरे. गोळ्या पोटात कशाला?" ती खाली बघत म्हणाली, "मना हात पाठले पुरत नही, डॉक्टरसाहेब. गोयाच द्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. लागण होईल या भीतीने मी तिला शिवत नव्हतो. पिंप्राळ्याला घरी आल्यावर आईने गोळ्या कशाला म्हणून विचारलं, तेव्हा नायटा रक्तात गेलाय असं मीच बोलून गेलो, "रगतमा उतरेल शे." त्या दिवसापासून बायकोचं ताट वेगळं झालं, ते नायटा गेल्यावरही वेगळंच राहिलं. ती जाऊन बरीच वर्षं झाली. परवा सून शेजारणीला सांगत होती, "सासूबाईंचं रक्तच खराब होतं." ते खरं नाही. नायटा फक्त कातडीवर होता, आणि मलम लावायला घरात मी होतो.